डेल्मरचं मोठं इंजिन

खेचरमोडचा घाट इतका उभा आहे की कावळेसुद्धा निम्म्यात खाली उतरतात आणि उरलेला चालत चढतात. एक कावळा तर आमच्या कॅफेच्या पायरीवर येऊन धापा टाकत बसला होता, मी स्वतः पाहिलाय. विश्वास बसत नसेल तर राहू दे. कावळ्याचं काही अडत नाही.

घाटाच्या माथ्यावर मेव्हिसचं कॅफे आहे. त्याला एक भली मोठी खिडकी आणि खिडकीला चिकटून एक लांब टेबल. गावातले म्हातारे, आणि म्हातारं व्हायची घाई झालेले काही जण, सकाळी तिथं बसतात. घाट चढून येणारी गाडी तिथून तोंडासमोर दिसते. आधी आवाज येतो, मग धूळ, मग गाडी. कुणी कुठल्या वळणावर गिअर खाली टाकला, कुणाचं इंजिन रडलं, कुणाच्या धुराला तेलाचा वास आहे, सगळ्याचा निकाल तिथं लागतो. आमच्याकडे माणूस चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतो याला फारसा अर्थ नाही. खेचरमोड तो कुठल्या गिअरमध्ये चढतो यावर त्याची पत ठरते. लग्नं जमलीत यावर. मोडलीतही.

कॅफेच्या मागं पाणीघर. पूर्व मोंटानात आमच्या बाजूला जमिनीखालचं पाणी असं खारट की गाय तोंड लावते आणि तुमच्याकडे बघते, जणू तुम्हीच मीठ घातलंत. म्हणून घाटाखालचे सगळे लोक पिकअपवर टाकी बांधून वर यायचे, पाणीघरात टाकी भरायचे आणि परत खाली उतरायचे. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे त्या उन्हाळ्यात तर पाद्रीबाबांनी दोन पोरांचा बाप्तिस्मा एकाच ओल्या रुमालावर उरकला होता.

आता यातली गंमत बघा. गाड्या घाट चढायच्या त्या रिकाम्या. भरून उतरायच्या. खिडकीतून दिसायचं ते चढणं. उतरणाऱ्या गाडीची पाठ पहिल्या वळणापर्यंत दिसायची, आणि पाठीकडे कोण बघतो? तोवर पुढची गाडी वर येत असायची.

डेल्मर हाउगे घाटाच्या अगदी तळाशी राहायचा. तो, त्याची बायको अर्डिस आणि त्यांची गुरं. त्याचा पिकअप माणूस चंद्रावर गेला त्या सुमाराचा. आत सहा सिलिंडरचं इंजिन, सहाही एका रांगेत उभे, शाळेतल्या पोरांसारखे. त्याला चार गिअर. पहिला इतका सावकाश की आम्ही त्याला आजीबाईचा गिअर म्हणतो. त्यात गाडी टाकून तुम्ही खाली उतरा, शेजारून चालत जा, कुंपणाची तार दुरुस्त करा आणि परत चढून बसा. पाणी रोज अर्डिस आणायची. भरलेली टाकी पाठीवर घ्यायची, आजीबाईचा गिअर टाकायचा आणि ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचा. घाट उतरताना इंजिन गुरगुरत गाडीला मागं ओढून धरायचं. बाई एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं सफरचंद खायची.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी इंजिन आतून ठोके द्यायला लागलं. एका शनिवारी डेल्मर स्वतः गाडी घेऊन वर येत होता, दुसऱ्या गिअरमध्ये, खोकत खोकत, आणि मधल्या वळणावर त्याचा चुलतभाऊ गेलन त्याला मागं टाकून पुढं गेला. नुसता पुढं गेला असता तर चाललं असतं. जाताना त्यानं हॅट काढून डेल्मरला नमस्कार केला. सगळ्या खिडकीनं बघितलं.

डेल्मर आत आला तेव्हा गेलन खुर्ची ओढून तयारच होता.

“ये रे ये. बस. तुझी गाडी यायला अजून वेळ आहे, तोवर कॉफी घे.”

सगळे हसले. डेल्मरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. हाउगेंच्या घराण्यात राग कानात येतो.

“इंजिन गेलंय,” तो म्हणाला. “दुसरं टाकावं म्हणतो.”

अहो, एवढं वाक्य म्हणजे टेबलावर टाकलेलं हाडूक. मंडळी तुटून पडली.

एमेट जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, हळू बोलणारा. तो म्हणाला, “आहे तेच उघड. नव्या रिंगा, नवे बेअरिंग. सरळ सहासारखं इंजिन परमेश्वरानं पुन्हा केलं नाही. हळू फिरतानाच जोरात ओढतं, पेट्रोल बेतानं पितं. माझ्या बसमधलं तर तेल न घालता कॅनडापर्यंत गेलं होतं.”

“कॅनडा इथून हाकेवर आहे,” गेलन म्हणाला.

“परतही आलं होतं.”

“परत तर तूही आलास. त्यात इंजिनाचं काय कौतुक?”

मेकॅनिक ऑरिनचं मत छोट्या आठचं होतं. “आठ सिलिंडर, चार इकडे चार तिकडे. प्रत्येक भंगारात दहा पडलेत. सुटे भाग धान्याच्या दुकानात मिळतात. दोन दिवसांत बसवून देतो. ना फार खाणारं, ना फार आळशी.”

“म्हणजे ऑरिनच्या मेहुण्यासारखं,” कुणीतरी म्हणालं.

“मेहुणा खातो,” ऑरिन म्हणाला.

गेलननं सगळ्यांचं होऊ दिलं. मग तो मागं रेलला. त्याच्या स्वतःच्या गाडीत मोठं आठ होतं, इतकं मोठं की बॉनेट उघडलं तर खाली जमीन दिसत नाही. “हे बघ डेल्मर, सहा काय आणि छोटं आठ काय, ही पोट भरायची इंजिनं. माणसाला एकदा तरी मोठं आठ घ्यावं लागतं. पेट्रोल पितं, कबूल. पुढची चाकं वजनानं दबतात, कबूल. रेडिएटर मोठा लावावा लागेल. पण तिसऱ्यात घाट चढशील, आणि वर आल्यावर हॅट कुणी काढायची ते तूच ठरव. वॉल्डोच्या शेतात एक घरगाडी उलटून पडलीय. तिच्यातलं काढून घे. फारसं पळालेलंच नाही. म्हातारा-म्हातारी ॲरिझोनाला जाऊन यायची एवढंच.”

हे दोन आठवडे चाललं. कोणतं किती ओढतं, एका गॅलनमध्ये किती मैल, कुणाच्या मामाचं कुठं बंद पडलं. मी स्वतः एका इंजिनाची गोष्ट सांगितली, ते रेडिएटरमधल्या वाफेवर पाच मैल चाललं होतं; तिच्यातला एक मैल खरा होता. डेल्मर रोज येऊन ऐकायचा आणि त्याचे डोळे गेलनकडे वळायचे.

मग एका सकाळी अर्डिस आत आली. हातावर पाणीघराच्या नळाचं पाणी, पायात रबरी बूट. बायका खिडकीच्या टेबलावर बसत नाहीत, असा नियम कुणी केलेला नाही, पण खुर्च्याच तेवढ्या असतात. ती उभीच राहिली.

“इंजिनाचं ठरवताय म्हणून ऐकलं,” ती म्हणाली. “एक विचारू? मोठ्या इंजिनाला आपला जुना गिअरबॉक्स बसतो का?”

ऑरिननं कान खाजवला. “नाही बसत. मागची भोकं जुळत नाहीत. मधे जोडपट्टी करावी लागेल, मागवावी लागेल. घरगाडीचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आहे ना, तो इंजिनाबरोबर येतोच.”

“मग उतरताना गाडीला धरणार कोण?”

सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. तुम्ही बाहेरचे असाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. आमच्या खिडकीच्या टेबलावर सगळं चालतं, दारू, कर्ज, दुसऱ्याची बायको. ब्रेकचा विषय कुणी काढत नाही. ब्रेकबद्दल विचारलं म्हणजे भीती वाटते असं कबूल केलं, आणि खेचरमोडवर भीती वाटते म्हणणाऱ्याला आयुष्यभर ‘पायउतार’ म्हणतात. असा एक जण होता. तो आयडाहोला निघून गेला, तिथंही नाव आधी पोचलं.

“अगं, घाट उतरायला इंजिन कशाला लागतं?” गेलन म्हणाला. “ते देवानं फुकट ठेवलंय.”

खूप हसलो आम्ही.

अर्डिस हसली नाही. “गेलन, तू घाटाच्या माथ्यावर राहतोस. तुझी टाकी सपाटीवरून जाते. मी वर येते तेव्हा टाकीत वारा असतो. वारा चढवायला सहा काय, दोन सिलिंडर पुरतील. खाली जाताना माझ्या पाठीशी टनभर पाणी असतं. डेल्मर, तू तरी सांग यांना.”

डेल्मरनं कपाकडे बघितलं. त्याचे कान पुन्हा तसेच झाले. “घरी बोलू,” तो म्हणाला. मग आवाज चढवून, आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, “पिकअप माझ्या नावावर आहे, अर्डिस.”

“गाडी तुझ्या नावावर आहे,” ती म्हणाली, “पण तीत बसते मी.” आणि बूट वाजवत निघून गेली.

मोठं आठ बसलं. ज्या दिवशी डेल्मर ते घेऊन पहिल्यांदा घाट चढला त्या दिवशी टेबल उठून उभं राहिलं, हे मात्र खोटं नाही. आवाज असा की मेव्हिसच्या कपाटातल्या बशा पुढं सरकल्या. मधल्या वळणावर त्यानं वेग कमी केलाच नाही. वर आला, गाडीतून उतरला, आणि एक पाय पायरीवर ठेवून असा उभा राहिला की जणू कुणी त्याचा पुतळा करतंय. गेलननं सर्वांसमोर हॅट काढली. डेल्मर त्या दिवशी पुन्हा बावीस वर्षांचा झाला होता, आणि हे सांगताना मी थट्टा करत नाही. मी त्याला लग्नातही इतका खूश पाहिलेला नव्हता.

एवढं ओढणारं इंजिन आहे म्हटल्यावर टाकी जुनी कशी ठेवायची? त्यानं मोठी आणली. जवळपास दुप्पट.

अर्डिसनं ती एकदाच नेली. पाणी भरलं, गिअरचा दांडा अगदी खालच्या खुणेवर ओढला आणि उतरायला लागली. तो गिअर गाडीला धरतो म्हणायचं, पण दारुड्याला दारुड्या धरतो तसा. ब्रेक दाबत गेली. दुसऱ्या वळणानंतर पायाखालचं पेडल पाव-लोण्यासारखं मऊ झालं आणि चाकांतून धूर निघाला. बाईनं डोकं शाबूत ठेवलं. गाडी डोंगराच्या बाजूला घातली, मातीला घासत घासत थांबवली. टाकी तिथंच रिकामी केली आणि चाकं निवेपर्यंत दगडावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या दारात तिनं सगळ्यांदेखत किल्ली डेल्मरच्या हातात ठेवली.

“ही घे. मी ही गाडी उतरवणार नाही. वर आणायची असेल तर सांग, वर कुणीही आणेल.”

“घाबरलीस?” गेलन म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “घाबरले. लिहून ठेव.”

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. एवढ्या सरळ उत्तरावर काय हसायचं असतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

ती गेल्यावर ऑरिन हळूच म्हणाला, “डेल्मर, ती जोडपट्टी मागवतो मी. जुना गिअरबॉक्स पडून आहे माझ्याकडे. पुढच्या चाकांचे ब्रेकही बदलू. आठवडाभर गाडी ठेव.”

डेल्मरनं खिडकीतून बाहेर बघितलं. मला वाटतं तो त्या वेळी हो म्हणायच्या अगदी बेतात होता. त्याचा हात किल्लीसकट टेबलावर आलाही होता. पण आठवडाभर गाडी ऑरिनकडे म्हणजे आठवडाभर टेबलाला विषय. बायको घाबरली म्हणून डेल्मरनं मोठ्या आठला आजीबाईचा गिअर लावला. गेलन नुसती साखर ढवळत राहिला, वाजवत.

“गवत कापून होऊ दे,” डेल्मर म्हणाला. “मग बघू.” आणि किल्ली खिशात गेली.

मग तोच पाणी न्यायला लागला. अर्डिसनं घरी किती सांगितलं असेल ते घराच्या भिंतींना ठाऊक. एवढं खरं की तो टाकी निम्मीच भरून दोन खेपा करील असं तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, आणि टेबल रिकामं असताना, कुणी बघत नसताना तो तसं करायचाही. पण पाणीघर कॅफेच्या मागंच. निम्म्या टाकीवर नळ बंद केला की आवाज थांबतो, आणि टेबलाला कान असतात.

“झालं का एवढ्यात?” गेलननं मागच्या दारातून विचारलं. एवढंच. हसतसुद्धा नव्हता.

डेल्मरनं नळ पुन्हा सोडला. टाकी काठोकाठ भरेपर्यंत तो पाण्याकडे बघत उभा होता. मग गाडीत बसला, भोंगा वाजवला आणि निघाला. आम्ही पाठ बघितली, पहिल्या वळणापर्यंत. तेवढ्यात खालून कुणीतरी वर येत होतं आणि एमेट म्हणाला, “ऐका, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली,” आणि आम्ही तिकडे वळलो.

जो वर येत होता त्यानंच सांगितलं. तो म्हणाला, डेल्मर भोंगा वाजवत येत होता, सारखा, बाजूला व्हा म्हणून, आणि चारी चाकांमागं पांढरा धूर होता. त्यानं आपली गाडी कडेला घातली म्हणून तो वाचला.

घाटाखालच्या ओढ्यात इतकं पाणी त्या उन्हाळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. सगळं टाकीतलं.

डेल्मरला पुरल्यावर चर्चच्या तळघरात जेवण झालं. बटाटे आणि हॅमची मोठी भांडी, जेलीचं सॅलड, कॉफी. अर्डिस एका टोकाला ताठ बसली होती. दुसऱ्या टोकाला आमचं टेबल. खिडकी नव्हती, पण माणसं तीच. आणि देवाशपथ सांगतो, केक यायच्या आत ते सुरू झालं. एमेट म्हणाला, सहाच ठेवायला हवं होतं. ऑरिन म्हणाला, छोट्या आठचं वजन कमी, पुढचा भार हलका झाला असता. गेलन म्हणाला, इंजिनाला दोष देऊ नका, इंजिन अजूनही चांगलं आहे, काढून कुणाला तरी बसवता येईल. आवाज दबके होते. तेवढी लाज होती.

मग टेबलानं एक मोठेपणा केला. डेल्मरच्या थडग्यावर चांगला दगड बसवायचा. आमच्याकडे हल्ली दगडावर माणसाची आवडती वस्तू कोरतात, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा घोडा. डेल्मरसाठी पिकअप. कारागिराकडून चित्र काढून आणलं आणि सगळे मिळून अर्डिसकडे घेऊन गेलो, घाटाच्या पायथ्याशी. एकाच गाडीत बसून गेलो, सावकाश. चित्र छान होतं. पिकअप घाट चढतोय, पुढची चाकं जरा उचललेली.

अर्डिसनं ते अंगणातच उन्हात धरून बघितलं. मागं कुंपणापाशी गुरं उभी होती. ओरडत नव्हती. गुरं पहिले दोन दिवस ओरडतात, नंतर आवाज जातो.

“छान आहे,” ती म्हणाली. “बसवा. आता मला एक सांगा. गुरं विकलीत मी. घेणारा गुरुवारी येतोय. तोवर यांना पाणी कोण आणून देतंय?”

आम्ही चौघं होतो. चौघांकडे पिकअप, चौघांकडे टाकी. एमेट म्हणाला त्याचा क्लच घसरतोय. ऑरिनकडे कामं तुंबलेली. माझी पाठ. माझी पाठ खरोखरच दुखते, पण ती दुखायची वेळ निवडते. गेलन बराच वेळ घाटाकडे बघत होता.

“माझी गाडी,” तो म्हणाला, “आपोआप गिअरची आहे, अर्डिस.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

तिनं चित्राची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली आणि गोठ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खिडकीत बसलो होतो. इंजिनाचा आवाज आला नाही, पण खालच्या वळणावर धूळ दिसली. धूळ इतकी सावकाश चढत होती की एमेटला वाटलं वावटळ अडकली. मग पहिली गाय दिसली. तिच्यामागं बाकीची, जिभा बाहेर, बरगड्या मोजता येतील अशी, आणि सगळ्यांच्या मागं हातात काठी घेऊन अर्डिस, रबरी बुटांत. तिनं गुरं पायी घाट चढवून आणली होती. वाटेत दोन गाई बसल्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

माथ्यावर आल्यावर गुरांना पाण्याचा वास लागला आणि ती धावली. कॅफेपुढं लावलेल्या आमच्या गाड्यांमधून धावली. गेलनच्या गाडीचा आरसा गेला, माझ्या दाराला पोचा पडला. मागच्या उघड्या दारातून आम्हाला सगळं दिसत होतं. अर्डिसनं नळ सोडला, जमिनीवरच. खालची माती पाणी पीत होती आणि मातीतून गुरं पीत होती, एकमेकांच्या अंगावर चढून. ती नळाजवळ उकिडवी बसली, ओंजळ भरून तोंडावर मारली आणि तशीच बसून राहिली.

“कुणीतरी जायला हवं,” ऑरिन म्हणाला.

“हो,” गेलन म्हणाला.

कुणी उठलं नाही. बाहेर गेलो असतो तर तिच्याशी बोलावं लागलं असतं.

मेव्हिसनं स्वयंपाकघरातले सगळे टोप, भांडी घासायची घमेली, सुपाचं मोठं पातेलं, जे काही पाणी धरील ते उचललं आणि आमच्या टेबलाला वळसा घालून बाहेर नेलं. मग परत आली, पुन्हा घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला तिनं आमच्यासमोरचा कॉफीचा मोठा थर्मास उचलला, आत किती आहे ते हलवून बघितलं, मोरीत ओतला आणि तोही घेऊन गेली.